टॅब कुणाला आणि बाई कुणाला?

पुण्यात हल्ली कुठल्याही पालकसभेत इंग्रजीचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आता एआय आलंय, प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवणारा मास्तर मोबाइलमध्ये मावतो, मग चाळीस मुलांना एकाच वेळी एकच धडा कशाला शिकवत बसता? दुसरा म्हणतो, यंत्र काय संस्कार करणार, मुलांचे डोळे जातील, आम्ही खडू-फळ्यावर शिकलो, आमचं काय बिघडलं? पहिल्याला दुसरा मागास वाटतो, दुसऱ्याला पहिला अ‍ॅप विकणाऱ्यांच्या कह्यात गेलेला वाटतो. मग चहा येतो आणि सभा संपते. मराठी शाळेतलं मूल इंग्रजी शिकतं कसं, नेमकं कुठे अडतं, ह्यावर तासाभरात कुणी अक्षर काढलेलं नसतं. गंमत म्हणजे एका गोष्टीवर दोन्ही तटांचं न बोलताच एकमत असतं: मुलागणिक वेगळं शिकवायचं, तर प्रत्येक मुलाच्या हातात एक पडदा द्यावा लागणार.

हे गृहीतच मला मान्य नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलाला त्याच्या पातळीवरून शिकवण्याच्या आड आज येतो तो ठरावीक मुदतीत संपवायचा पोर्शन, आणि सगळ्यांना एकच पेपर. हे दोन्ही तसंच ठेवून टॅब वाटले, तर मुलं टॅब घेऊन पोर्शनच्याच मागे धावतील. आणि हे दोन्ही हलवायची तयारी असेल, तर टॅबच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे. ते स्वस्त आहे, आणि इंग्रजीपुरतं तरी टॅबपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण भाषा वापरायला समोर माणूस लागतो.

आपल्याकडे भाषेचे वाद 'कितवीपासून' ह्या एका प्रश्नावर येऊन अडकतात. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोपर्यंत ते पाचवीत सुरू व्हायचं. तेव्हाही मातृभाषेचं काय होणार आणि गरिबाच्या मुलाने इंग्रजीपासून किती काळ लांब राहायचं, ह्यावर रण माजलं. दोन्ही प्रश्न खरेच होते. पण पहिलीच्या ज्या बाईंना स्वतःला इंग्रजी बोलायची सवय नव्हती, त्यांनी सोमवारी सकाळी वर्गात जाऊन नेमकं काय करायचं, हे त्या रणधुमाळीत मागे पडलं. 2025 साली पहिलीपासून हिंदीचा आदेश एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. मधल्या काळात भाषा कुठली आणि कितवीपासून ह्यावर घसे बसले, पण ती कशी शिकवायची ह्याला जागाच उरली नाही. टॅबचा वाद त्याच वळणावर चाललाय. फक्त 'कितवीपासून'च्या जागी 'कुठल्या यंत्रातून' आलंय.

वर्गात काय दिसतं ते आधी बघू. शहराच्या पूर्वेकडची एक मराठी शाळा, सहावीचा वर्ग, पट 42. खिडकीजवळची मुलगी धडा घडाघडा वाचते. जवळ जाऊन पुस्तक पाहिलं तर प्रत्येक इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलने बारीक अक्षरात देवनागरी उच्चार लिहिलेले. ती ते वाचतेय. त्या ओळीवर बोट ठेवलं की ती थांबते. तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा मोठ्या भावाच्या फोनवर क्रिकेटच्या बातम्या इंग्रजीतून वाचतो. त्याला हा धडा दहा मिनिटांत संपतो आणि उरलेली पंचवीस मिनिटं तो खोडरबर कापत बसतो. शेवटच्या बाकावरच्या दोघांचा बी आणि डी मध्ये अजून गोंधळ आहे. बाईंना हे तिन्ही ठाऊक आहेत, नावानिशी ठाऊक आहेत. तरी फळ्यावर 'डिग्री ऑफ कम्पॅरिझन' चाललीय, कारण वार्षिक नियोजनात ह्या आठवड्यात डिग्री आहे. 35 मिनिटांची तासिका, 42 मुलं. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही.

हा वर्ग अपवाद नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2022 च्या अहवालात इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकणारी मुलं पाचवीत साधारण एक चतुर्थांश निघाली आणि आठवीत निम्म्याहून थोडी कमी. म्हणजे आठवीच्या इंग्रजीच्या तासाला निम्मा वर्ग असा असतो, की समोरच्या पानावर काय लिहिलंय हेच त्याला उलगडत नाही. ह्या मुलांना सगळ्यांबरोबर एकच धडा शिकवणं व्यर्थ आहे, असं टॅबवाले म्हणतात. ते बरोबर आहेत.

आणि त्यांच्याकडे नुसता आवेश नाही, पुरावाही आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन ह्या अर्थशास्त्रज्ञांचा दिल्लीतल्या प्रयोगावरचा निबंध 2019 साली प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतली मुलं शाळेव्यतिरिक्त एका केंद्रात जाऊन संगणकावर शिकत होती, आणि आज्ञावली प्रत्येक मुलाची पातळी ओळखून त्यानुसार प्रश्न देत होती. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, आणि नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांची होत होती. साडेचार महिन्यांत केंद्रातल्या मुलांची प्रगती गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाने जास्त झाली. आकडेशास्त्राची भाषा बाजूला ठेवली तरी अशा प्रयोगांच्या मानाने हा फरक मोठा आहे, आणि 'आम्ही खडू-फळ्यावर शिकलो' हे त्याला उत्तर होत नाही. जे खडू-फळ्यावर शिकले नाहीत, मागेच राहिले, ते आज पालकसभेत बोलायला उभे राहत नाहीत, एवढंच.

दुसरा मुद्दा मला ह्याहून जास्त लागतो. यंत्र हसत नाही. ह्या शहरात 'आनि', 'पानी' म्हणालात की समोरचा मनातल्या मनात तुमचा तालुका ठरवून मोकळा होतो. मग 'व्हेजिटेबल'मधलं 'टेबल' ठसठशीत उच्चारणाऱ्या मुलाचं वर्गात काय होत असेल? एकदा वर्ग हसला की ते मूल दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. पुढे इंजिनिअर होतं, हिंजवडीत नोकरीला लागतं, आणि मीटिंगमध्ये आपल्याच कामाचं श्रेय दुसऱ्याला घेऊ देतं. अशा मुलाला यंत्राशी शंभर वेळा चुकत बोलायची मुभा मिळत असेल, तर ती नाकारणारे आपण कोण? तिसरा मुद्दा शिक्षकांना बोचतो, पण तोही खरा आहे. खुद्द बाईंचंच इंग्रजी कच्चं असेल, तर यंत्रातला स्वच्छ आवाज मुलांना ऐकायला मिळणं हा लाभच आहे.

मग अडचण कुठे आहे? आधी दिल्लीच्याच प्रयोगात. त्या केंद्रात मुलं रोज दीड तास असायची. त्यातली 45 मिनिटं संगणक, आणि उरलेली 45 मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटाला शिकवणारा माणूस. पुण्यातल्या पालकसभेत ह्या प्रयोगाचा दाखला येतो तेव्हा हा दुसरा अर्धा भाग गळून पडलेला असतो. पंधरा मुलांमागे एक माणूस दररोज पाऊण तास मिळाला, तर आमच्या सहावीच्या बाईसुद्धा थोडाफार चमत्कार करून दाखवतील. शिवाय मोजमाप झालं ते गणिताचं आणि हिंदीचं. हिंदी ही दिल्लीच्या मुलाच्या गल्लीतली भाषा. जी भाषा मूल दिवसभर बोलतं तिचं वाचन-लेखन पक्कं करणं, आणि जी भाषा घरात, गल्लीत, मैदानात कुठेच नाही ती मुळापासून आत्मसात करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते केंद्र शाळेबाहेर होतं. तिथे पोर्शन नव्हता. सहावीच्या मुलाला तिसरीचं गणित द्यायला कुणाची परवानगी काढावी लागत नव्हती. प्रयोगाने जे सिद्ध केलं त्याचा निम्मा अर्थ मी असा लावते, की पोर्शनचं जू उतरवलं की मुलं शिकतात.

दुसरा दाखला नेहमी येतो तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचा. 1984 साली त्याने लिहिलं, की एका मुलाला एक शिक्षक मिळाला तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातं. अ‍ॅपच्या जाहिरातींत हा आकडा अजून फिरतो. ज्या अभ्यासांवर तो उभा होता त्यांचे विषय होते संभाव्यता आणि नकाशाशास्त्र, आणि मुदत जेमतेम तीन आठवडे. पुढे 2011 साली कर्ट व्हॅनलेनने असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. चांगल्या संगणकीय शिकवणीचा परिणाम माणसाच्या जवळपास पोचलेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती शिकवणी प्रामुख्याने गणित-विज्ञानासारख्या विषयांतली, पायरीपायरीने सोडवायच्या उदाहरणांची होती.

भाषेचं तसं नाही. सात आठे छप्पन्न हे मूल एकटं बसलं तरी छप्पन्नच. पण 'व्हॉट इज युअर फेव्हरेट सीझन?' हा प्रश्न टॅबने विचारला की त्याला उत्तरात काडीचा रस नसतो. त्याला 'रेनी' हा आवाज ऐकायचा असतो, आणि पोरीने 'रेनी' म्हटलेलं त्याच्या कानाला पटलं नाही तर 'ट्राय अगेन' एवढंच म्हणायचं असतं. नवी एआय यंत्रं ह्यापेक्षा हुशार आहेत, गप्पा मारतात, चूक गोड शब्दांत सुधारतात, हे मी बघितलंय. तरीही बाराव्या वर्षी परकी भाषा बोलायची गरज वाटायला, समोरच्याला खरंच काहीतरी हवंय असं वाटावं लागतं. रबर हवाय, गोष्टीचा शेवट हवाय, भांडणातली दुसरी बाजू हवीय. यंत्राला काही नको असतं, आणि मुलांना ते दोन दिवसांत कळतं.

असाच एक टॅबचा वर्ग मी मागे पाहिला. संच कमी आले होते म्हणून तिघांत एक टॅब. एकाने बोट चालवायचं, बाकी दोघांनी ओरडायचं. "अरे ते 'इज' नाही, 'आर' आहे, मेनी आहेत ना!" "कुठे मेनी? वन डॉग!" "अरे खाली बघ की, टू आहेत." पडद्यावर काय चाललं होतं ते मला आठवत नाही, तिघांचं व्याकरण मात्र तिथेच पक्कं होत होतं, मराठीत भांडून, इंग्रजीच्या दोन रूपांवरून. टॅब लावून द्यायला आलेले गृहस्थ माझी समजूत घालत होते, की मॅडम, पुढच्या टप्प्यात प्रत्येकाला स्वतंत्र मिळेल, हा गोंगाट राहणार नाही.

हा गोंगाट घालवून शिक्षण स्वस्तात देण्याचं स्वप्न जुनं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासच्या अनाथाश्रमशाळेत अँड्र्यू बेलने देशी शाळांसारखी वाळूत अक्षरं गिरवायची आणि मोठ्या पोराने धाकट्याला शिकवायची रीत उचलली आणि इंग्लंडला नेली. तिकडे जोसेफ लँकेस्टरने गरिबांच्या मुलांसाठी तिचा कारखाना केला. एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं, मधे मॉनिटर, प्रत्येक मुलाची पायरी ठरलेली, पायरी पार केली की पुढचा बाक. 'प्रत्येक जण आपापल्या गतीने' हे तिथेही होतं! 1820च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांसाठी परतूनही आली. इंग्लंडमध्ये तिची हवा शतकाच्या मध्यापर्यंत ओसरली आणि 1846 पासून तिथल्या सरकारला उमेदवार शिक्षक तयार करण्यावर पैसा घालावा लागला, कारण मुलं पायऱ्या चढत होती, पण पाठ केलेल्यापलीकडे त्यांना फारसं काही उमगत नव्हतं. पुढे 1954 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने शिकवणारं यंत्र दाखवलं: मुलाने आपल्या वेगाने एकेक चौकट सोडवायची, उत्तर लगेच कळायचं. मग हेडफोन लावून वाक्यं घोकून घेणाऱ्या भाषा-प्रयोगशाळा आल्या. दर पिढीला यंत्र नवं मिळतं, आणि आश्वासन तेच असतं. पुण्याच्या पेठांतल्या क्लासच्या पाट्यांवर 'मर्यादित जागा, वैयक्तिक लक्ष' हे तर आमच्या लहानपणापासून लिहिलेलं आहे. आत साठ जण असायचे.

इतिहासात फसलं म्हणून आज फसेलच असं नाही, हे मला कळतं. आजचं यंत्र लँकेस्टरच्या मॉनिटरपेक्षा कितीतरी शहाणं आहे. म्हणून नुसतं नको म्हणून भागणार नाही. मग दुसरं काय, हे सांगायला हवं. दोन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि दोन्ही आपल्यासारख्याच परिस्थितीतली.

पहिलं बंगळूरचं. एन. एस. प्रभू ह्यांनी 1979 ते 1984 ह्या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. वर्ग मोठे, साधन म्हणजे फळा आणि कागद. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि मुलांना इंग्रजीतून कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी पकडावी ते ठरवा, नकाशावरून वाट सांगा. आधी बाई वर्गाबरोबर एक काम सोडवणार, मग तसंच दुसरं मुलांनी ज्याच्या त्याच्या आवाक्याप्रमाणे सोडवायचं. कुणी एका शब्दात उत्तर देईल, कुणी तीन वाक्यांत. दोघंही त्याच कामात. प्रयोगाचं बाहेरच्या तज्ज्ञांनी मूल्यमापन केलं, निष्कर्ष अनुकूल होते पण वादातीत नव्हते, आणि सरकारी व्यवस्थेत ती पद्धत फारशी मुरली नाही. तरी एक गोष्ट दिसली, की वेगवेगळ्या पातळीची मुलं एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर, आपापल्या कुवतीने भाषा वापरू शकतात. स्वारगेटहून निगडीला जायच्या बसच्या वेळा फळ्यावर लिहायला कुठलं कंत्राट काढावं लागतं? प्रभूंनीच पुढे 1990 साली लिहिलं, की सर्वश्रेष्ठ अशी एकच पद्धत नसते. शिकवणं मरतं ते यांत्रिकपणे उरकण्याने, आणि जगतं ते शिक्षकाला स्वतःला जे पटलंय त्यातून. डॅशबोर्डवर हिरवे-लाल ठिपके बघत फिरणाऱ्या बाईंना काय पटलेलं असणार?

दुसरं फिजी बेटांवरचं. 1980 च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई ह्यांनी आठ ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांत इंग्रजी गोष्टींची प्रत्येकी 250 पुस्तकं ठेवली. ह्या मुलांच्याही घरी इंग्रजी नव्हतं. रोज थोडा वेळ ती वाचायची, काही वर्गांत शिक्षक त्यावर मुलांशी बोलायचे. पहिल्याच वर्षात त्यांचं वाचन नेहमीच्या दुप्पट वेगाने सुधारलं. ह्याला मी मुलागणिक शिक्षण म्हणते: 250 पुस्तकांतलं कुठलं उचलायचं हे मुलाने ठरवायचं, झेपलं नाही तर परत ठेवून दुसरं घ्यायचं, आवडलं तर तेच चारदा वाचायचं. कुठल्याही आज्ञावलीला त्याची पातळी ठरवावी लागली नाही. हिशेबच करायचा तर एक टॅब दहा हजारांचा धरा आणि गोष्टीचं पातळ पुस्तक पन्नास रुपयांचं. सव्वा टॅबच्या पैशात एका वर्गाची 250 पुस्तकं होतात, आणि त्यांना चार्जिंग लागत नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर तर 2015 पासून पातळीनुसार लावलेल्या गोष्टी फुकट आहेत. त्या छापून घेतल्या तरी चालेल.

आता पेपरकडे येऊ, कारण खरं घोडं तिथेच अडलंय. एका तोंडाने आपण म्हणतो, प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 वाचलं तर पानोपानी हीच भावना आहे. दुसऱ्या तोंडाने राज्यभर नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा एकच इंग्रजीचा पेपर ठरल्या दिवशी सगळ्यांच्या पुढ्यात ठेवतो. पाचवी आणि आठवीला 2023 पासून वार्षिक परीक्षा आणि नापासाची भीती परत आणली आहे. पाचवीच्या ज्या मुलाला अक्षरं जुळत नाहीत, त्याला टॅब त्याच्या पातळीचं शिकवणार आणि मार्चमध्ये पेपर पाचवीचा येणार. अशा वेळी कुठल्या बाईंची हिंमत होईल त्याला ऑक्टोबरपर्यंत अक्षरांवर ठेवायची? आणि कुठली कंपनी आपलं अ‍ॅप पेपरच्या बरहुकूम करून देणार नाही? थोड्याच दिवसांत टॅबवर संभाव्य प्रश्नसंच येईल. गाइडाची जागा टॅब घेईल, आणि गाइड निदान फाटेपर्यंत धाकट्या भावंडांना पुरायचं.

परीक्षा उठवा असं मी म्हणत नाही. पाचवीच्या मुलाला वाचता येतं की नाही हे समाजाला कळलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा वरच्या वर्गात ढकलण्याची सोय होईल. पण वाचता येतं का हे तपासायला एक परिच्छेद आणि मुलाशेजारी बसलेला एक माणूस लागतो. 'असर'चे स्वयंसेवक घरोघरी जाऊन नेमकं तेच करतात. जूनमध्ये मूल अक्षरावर होतं आणि मार्चमध्ये वाक्यावर आलं, ह्याची नोंद शाळेच्या खात्यावर यश म्हणून व्हायला हवी. आज ती नापास म्हणून होते.

आणि मग शीर्षकातला प्रश्न. बाणेर-औंधच्या ज्या शाळांची फी वर्षाला लाखांत आहे, तिथे जाऊन बघा. वर्गात पंचवीस मुलं, कधी दोन शिक्षिका, गोल बसून इंग्रजीत वादविवाद, नाटक, ग्रंथालयाचा वेगळा तास. टॅब तिथेही आहेत, पण बाईंच्या ऐवजी नाहीत. टॅबने शिक्षकांची कमतरता भरून निघेल हे वाक्य मी नेहमी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दलच ऐकते. शिक्षण हक्क कायद्याने 2009 सालीच प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं आहे. ते पाळलं न गेल्यावर त्या जागी पडदा द्यायचा, ह्याला सोय म्हणता येईल, सुधारणा म्हणायला जीभ धजत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन ह्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखं आहे. वरच्या वर्गांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी धोरण तेव्हा जोरात होतं. फुल्यांनी ते खोडून काढलं आणि मागण्या केल्या त्या अगदी व्यवहारी: प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत 15 ते 20 असावा, आणि खेड्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम शहरापेक्षा आटोपशीर असला तरी व्यवहारोपयोगात कमी नसावा. शिकणारा बघून शिकवा, ही मागणी त्यांनी भिडेवाड्याच्या ह्याच शहरातून केली होती, आणि तिच्या केंद्रस्थानी शिक्षक होता. त्याच काळात स्वस्तातल्या युक्त्यांची टंचाई नव्हती, तरीही.

यंत्राला माझा विरोध नाही हे आता तरी ध्यानात यावं. माझं म्हणणं, ते आधी बाईंच्या हातात द्या. कच्च्या इंग्रजीचा सल आहे ना? मग रात्री घरी, कुणी हसायला नसताना, त्यांना यंत्राशी बोलू दे, उच्चार ऐकू दे, उद्याचा धडा तीन पातळ्यांवर सोपा करून घेऊ दे. दहा मिनिटांचं काम आहे. अक्षरं, स्पेलिंग, ऐकण्याचा सराव ह्यासाठी मुलांनाही आठवड्यातून थोडा वेळ यंत्र मिळावं, लाजऱ्या पोराला तर जरूर मिळावं. पण त्या पोराची भीती माणसांची आहे. ती शेवटी माणसांतच जाणार, वर्गाने हसणं बंद केल्यावर. ते काम बाईंचं आहे, आणि त्यासाठी बाई वर्गात हव्यात. मतदार याद्या, पोर्टलवरच्या नोंदी आणि खिचडीचा हिशेब ह्यांत अडकलेल्या नकोत.

शाळांनी काय करावं? 'प्रथम' ह्या शिक्षणसंस्थेने देशभर चालवलेली एक साधी व्यवस्था आहे: वयाऐवजी पातळीवरून गट. पाचवी ते सातवीचा इंग्रजीचा तास एकाच वेळी ठेवायचा. त्या तासापुरती मुलं इयत्ता सोडून गटात बसतील: अक्षरांचा, वाक्यांचा, गोष्टींचा. तीन शिक्षक, तीन गट. ह्यावर खरा आक्षेप असा, की खालच्या गटाला आठवड्याभरात 'ढ गट' हे नाव पडेल. पडेलच, मुलं ती मुलंच. म्हणून गट दर सहा-आठ आठवड्यांनी बदलायला हवेत आणि बाकीचे तास सगळ्यांनी एकत्रच बसायला हवं. तरीही थोडा डाग राहील. पण आजच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या दोघांवर तो आहेच, आणि वर त्यांना काही शिकायलाही मिळत नाही.

ही योजना मी काही मुख्याध्यापकांपुढे मांडली आहे. कुणी मूर्खपणाची म्हटली नाही. वेळापत्रक बसवता येईल म्हणाले, पुस्तकांना कुणी ना कुणी देणगीदार मिळेल म्हणाले. अडले सगळे एकाच जागी: "मॅडम, तपासणीला साहेब आले आणि सातवीची पोरं पाचवीच्या वर्गात गोष्टीचं पुस्तक वाचताना दिसली, तर पोर्शन कुठवर आलाय म्हणून विचारतील. काय दाखवायचं?" त्यांचं चुकत नाही. टॅबसाठी निविदा निघते, अंदाजपत्रकात तरतूद होते, उद्घाटनाला फीत कापली जाते. इथे लागतं ते सेंट्रल बिल्डिंगमधल्या शिक्षण खात्यातून निघालेलं एक पानी परिपत्रक: इंग्रजीच्या तासाला पातळीप्रमाणे गट करण्यास शाळांना मुभा आहे, आणि त्या तासासाठी पोर्शन तपासला जाणार नाही. पालकसभेतल्या दोन्ही तटांनी चहाच्या आधी एवढी एक मागणी लिहून सह्या करून पाठवली, तर पुढच्या जूनचं वेळापत्रक लागायच्या आत ते निघू शकतं.